काय काढलं, काय बसवलं

३ फेब्रुवारी

ही वही गाडीसाठी आहे. नवीन गाडी कुठली घ्यायची, एवढंच इथे लिहायचं. रडगाणं लिहायचं नाही. तिच्याबद्दल लिहायचं नाही.

काळी विकून आज अकरा दिवस झाले. मी विकली. बाबांनी सांगितलं म्हणून नाही. बाबा म्हणाले होते, "चिरंजीव, ती गाडी उद्या दारात दिसली तर मी हातोडी घेऊन तिच्याशी बोलेन." मी म्हटलं, तुम्ही सांगताय म्हणून तर मुळीच विकणार नाही. आणि दुसऱ्या दिवशी विकली. स्वतःच्या मर्जीने.

ज्याने तशी गाडी चालवली नाही त्याला काय सांगणार! अंगावर प्लॅस्टिकचा एक तुकडा नाही. इंजिन उघडं, सांगाडा उघडा, समोर काच नाही, वारा सरळ छातीवर. दुसऱ्या गिअरमध्ये मूठ पिळली की आपण पुढे आणि पोट मागे. इंजिनिअरिंगच्या पाच सहामाह्यांत मला जे कळलं नाही ते काळीने एका संध्याकाळी शिकवलं. म्हणूनच कॉलेज सोडलं असं ताई सगळ्यांना सांगते. साफ खोटं आहे. कॉलेज सोडलं कारण तिथे शिकवणाऱ्यांनाच काही येत नव्हतं.

आता मामाकडे लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो. रोज सात-आठ इमारती फिरायच्या असतात. सध्या बसने. हातात पान्यांची पिशवी आणि कंडक्टर म्हणतो, "पुढे सरका, सरकत राहा." कुठे सरकू, ड्रायव्हरच्या मांडीवर?

गाडी हवी. लवकर हवी.

४ फेब्रुवारी

शोरूममध्ये गेलो. विकणारा माझ्याच वयाचा, गळ्यात टाय, तोंडात साखर. "सर, आधी कुठली होती?" सांगितली. त्याचे डोळेच मोठे झाले. "मग सर, आता तिच्यावरची घ्यायची. खाली कशाला यायचं?"

बरोबर बोलला. तिच्यावरची म्हणजे तीच, फक्त इंजिन आणखी मोठं. एक चक्कर मारून आलो. भयंकर गाडी. ब्रेक असे की डोळे बाहेर यावेत. पण मागची सीट काय आहे? पोस्टाचं पाकीट चिकटवल्यासारखी, आणि तीही वर, माडीवर. मी त्याला म्हटलं, "हिच्यावर माणूस बसणार की कबूतर?"

तो हसला. "सर, मागे बसवायला कोण घेतं अशी गाडी?"

का कुणास ठाऊक, डोकंच फिरलं. म्हटलं, "तुला काय करायच्यात चौकश्या?" हेल्मेट काउंटरवर आपटून निघून आलो. हेल्मेट त्यांचं होतं.

७ फेब्रुवारी

लिहायचं नाही म्हटलं होतं, पण आज लिहिलं नाही तर काहीतरी फोडेन.

ती चष्म्याच्या दुकानात काम करते. भिंगं घासून फ्रेममध्ये बसवते. तिच्या स्वतःच्या डोळ्यांना काही झालेलं नाही, तरी मी तिला चष्मेवाली म्हणतो. म्हणायचो. दुकानात आत एक छोटं टेबल आहे, त्याच्यावर दिवा, आणि तिच्या उजव्या हातात सुईएवढा स्क्रूड्रायव्हर. तांदळाच्या दाण्याहून लहान स्क्रू ती बोलता बोलता बसवायची, खाली न बघता.

अपघातानंतर आज ती पहिल्यांदा कामावर आली. उजवा हात कोपरापर्यंत प्लॅस्टरमध्ये. आतल्या टेबलावर दुसरीच कुणीतरी बसली होती आणि हिला बसवलं होतं बाहेर काउंटरवर, चष्म्याच्या डब्या पुसायला. डाव्या हाताने.

मी आत गेलो. म्हटलं, "कशी आहेस?"

"दिसतेय तशी."

"मी काळी विकली."

"बरं."

"नवीन बघतोय."

"गाडी घे नाहीतर विमान घे, मला काय त्याचं?" मग डबी खाली ठेवली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "मला एकच सांग. त्या दिवशी मी धरायचं कुठे होतं?"

हा काय प्रश्न झाला? सिग्नल हिरवा झाला, मागच्या टेम्पोवाल्याने कानाजवळ भोंगा वाजवला, म्हणून मी निघालो, आणि ती मागून पडली. टेम्पोवाल्याला कुणी काही विचारत नाही. मी म्हटलं, "मला धरायचं होतंस."

"माझ्या गल्लीत? समोर काकाचं किराणा दुकान, वर मावशीची खिडकी. तिथे मी तुला कधी धरलं होतं?"

"मग त्यात माझी काय चूक?"

तिने डबी पुन्हा उचलली. मग अगदी सावकाश, आपण लहान पोराला सांगतो तसं म्हणाली, "उत्तर सापडलं की ये. तोवर दुकानात पाय ठेवू नकोस. समोरच्या फुटपाथवर पण नाही."

हे बरं आहे! हाडं तिची मोडली हे कबूल, पण गाडी माझीही आडवी झाली होती, माझाही गुडघा सोलला होता. मला कुणी विचारलं? टेम्पोवाला आज कुठेतरी मजेत चहा पीत असेल.

हे सगळं गाडीच्या वहीत लिहिलं. मूर्ख आहे मी.

१० फेब्रुवारी

ताईने सकाळी कपाट साफ करायला काढलं. कपाटाच्या वर वर्तमानपत्रात गुंडाळलेलं ते तिला सापडलं. "राजे, हे लोखंडी शिंग कुणाचं? भंगारात देऊ?"

मी दात घासत होतो. तोंडात फेस तसाच, ओरडलो, "हात लावायचा नाही!"

"अरे, एवढं ओरडायला काय झालं? तुझी किडनी आहे का ती?"

काळीच्या मागच्या सीटचा धरायचा दांडा आहे तो. गाडी घेतली त्याच आठवड्यात काढून ठेवला होता. सगळेच काढतात. त्या गाडीची शेपटी अशी वर उठलेली, सुरीसारखी, आणि तिच्यावर हा दांडा म्हणजे नवरदेवाला कुबडी. गाडीवाल्यांच्या ग्रुपमध्ये फोटो टाकला की पहिली कमेंट हीच यायची: भाऊ, आधी ते खाटेचं लोखंड काढ.

ताई म्हणाली, "गाडी विकलीस आणि हा ठेवलास. दुसऱ्या गाडीला लागतो का?"

"नाही."

"मग?"

मी दार आपटून बाहेर पडलो. पाठीमागून बाबा पेपरातून वर न बघता म्हणाले, "दाराची बिजागरीही काढून ठेव कपाटावर. लवकरच लागेल."

या घरात एकालाही माझ्या बाजूने बोलता येत नाही.

१५ फेब्रुवारी

सुट्टी. तीन गाड्या चालवल्या.

पहिली लांब, बुटकी, पाय पुढे पसरून बसायची. आरामखुर्चीला चाकं लावलीत झालं. मागची सीट मात्र रुंद होती. दुसरी उंच, खडकांवर चढणारी, चिखलात घालायची. मागच्या माणसाला वर चढायला शिडी हवी. प्लॅस्टर घातलेल्या माणसाने तर कसं चढायचं? तिसरी जुन्या धाटणीची, गोल दिवा, लांब सपाट सीट, मागे जाडजूड दांडा, फ्रेमलाच जोडलेला. इंजिन असं की म्हातारा जिना चढतोय. काळीपुढे ही म्हणजे वाघापुढे बैल. पाच मिनिटांत परत दिली.

विकणारा म्हणाला, "सर, एक विचारू? रागावू नका. तुम्ही प्रत्येक गाडीच्या मागच्या सीटवर बसून बघताय. चालवणार कोण आहे?"

मी म्हटलं, तू तुझा टाय बघ, सूपमध्ये बुडवल्यासारखा दिसतोय.

बरोबर आहे, मी मागे बसून बघतो. माल न्यावा लागतो. पान्यांची पिशवी कुठे बांधणार?

१६ फेब्रुवारी

ठरवलं. मोठ्या इंजिनवालीच घेणार. कुणाच्या बापाला घाबरत नाही.

१७ फेब्रुवारी

नाही घेत.

२१ फेब्रुवारी

आज मामाने सगळ्यांसमोर माझी इज्जत काढली.

लिफ्टच्या कामात एक पद्धत आहे. इमारतीच्या गच्चीवर लिफ्टची खोली असते, तिथे खिळ्याला एक कार्ड टांगलेलं असतं. जो मेकॅनिक येईल त्याने लिहायचं: तारीख, काय काढलं, काय बसवलं, कारण, आणि खाली सही. शेजारी दुसरा रकाना इमारतीच्या माणसाच्या सहीचा. त्याला काम पटलं तर तो करतो, नाही पटलं तर नाही करत. मामाचं या कार्डावर देवापेक्षा जास्त प्रेम आहे.

दवाखान्याच्या लिफ्टमध्ये मी परवा दरवाजाचा स्विच बदलला होता. तसं लिहिलंही होतं. आज मामा वर आला, कार्ड वाचलं आणि वॉचमनच्या देखत सुरू झाला.

"भाच्या, कारणाचा रकाना कोरा का?"

"खराब होता. त्याशिवाय कशाला काढेन?"

"ते मला काय माहीत? हौस म्हणून काढला असशील. आवाज आवडला नसेल. उद्या ही लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली, तर जो येईल त्याला कळायला हवं की आधीच्याने कशाला हात लावला आणि का. नाहीतर तो बिचारा मोटर खोलत बसेल, दोर मोजत बसेल, आणि खोट निघेल तुझ्या स्विचात."

"मामा, लिफ्ट चालू आहे ना?"

"चालू असताना लिहायचं असतं, गाढवा! बंद पडल्यावर सगळेच लिहितात. तेव्हा जो तो म्हणतो, मी नाही, वीज गेली होती."

वॉचमन फिसकन हसला. मी रागाने 'कारण: खराब' असं इतक्या जोरात लिहिलं की कार्ड फाटलं. मामाने खिशातून दुसरं कोरं कार्ड काढून दिलं. त्याच्या खिशात नेहमी असतात. वरून एक टपली मारली.

काम सोडून द्यावंसं वाटलं. पण मग उरलं काय सोडायला!

२४ फेब्रुवारी

काळी ज्याला विकली तो शाळेत पीटी शिकवतो. आज त्याचा फोन. आवाज असा की फोनवरसुद्धा आपण सावधानमध्ये उभे राहतो.

"मित्रा, गाडी एक नंबर! फक्त एक अडचण झालीय. मागे धरायला काही नाही. एकदा बसल्या आमच्या मंडळी, उतरल्या आणि म्हणाल्या, पुन्हा बसायची नाही. तुझ्याकडे मूळचा दांडा असेल ना?"

मी म्हटलं, "नाही."

"बघ जरा. गॅरेजवाला म्हणतो कंपनीकडून यायला दोन महिने लागतील."

"नाही म्हटलं ना मास्तर!"

"बरं, बरं," तो म्हणाला. "तोपर्यंत मी मूठ जपून पिळेन. पण सवय वाईट असते रे. सिग्नल सुटला की हात ऐकत नाही."

फोन ठेवला आणि तासभर डोक्यात आपला मी गाडी चालवतोय, तीच गल्ली, तोच सिग्नल. फक्त मागे ती नव्हती, कुणी दुसरीच बाई होती, जिचं तोंड मी कधी पाहिलं नाही. ती पडत होती. पुन्हा पुन्हा पडत होती. आणि टेम्पो कुठेच नव्हता.

संध्याकाळी फोन केला. "मास्तर, सापडला. मीच येऊन बसवतो. तोपर्यंत त्यांना बसवू नका."

१ मार्च

मास्तरांच्या अंगणात काळी उभी होती. धुतलेली. माझ्या हातून कधी एवढी चकचकीत झाली नव्हती. मला वाटलं होतं, बघितल्यावर छाती भरून येईल. तसं काही झालं नाही. अनोळखी माणसाच्या घरी आपला कुत्रा शेपटी हलवताना दिसावा, तसं वाटलं.

सीट काढली, बोल्ट शोधले, दांडा बसवला. चार बोल्ट. दहा मिनिटांचं काम. काढायलाही दहाच मिनिटं लागली होती.

मास्तरीणबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. बाई बुटक्या, खणखणीत. दोन्ही हातांनी दांडा धरून गदागदा हलवून बघितला. मी मनात म्हटलं, हलवा, आणखी हलवा, उखडून दाखवा. मग त्या म्हणाल्या, "हं. आता ठीक आहे. पण मला सांगा, आधी हा काढला होता कुठल्या शहाण्याने?"

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं आणि लगेच टायरकडे बघायला लागले. भला माणूस.

मला म्हणता आलं असतं, गॅरेजवाल्याने. म्हणता आलं असतं, असाच मिळाला. ओठांवर आलं होतं. पण राग आला. टेम्पोवाल्याचा नाही, बाईंचाही नाही. पाना पिशवीत आपटला.

"मी," मी म्हटलं.

"का हो?"

हात न धुताच निघालो. गल्लीच्या तोंडाशी काळी माझ्या शेजारून गेली. बाई मागे बसल्या होत्या, दोन्ही मुठींत दांडा. नवऱ्याला बोट लावलेलं नव्हतं. शेजारी बघत असतील.

२ मार्च

या वहीत मी खोटं लिहिलंय. दहा तारखेला. स्वतःच्या वहीत, जी कुणी वाचणार नाही. किती घाबरट असावं माणसाने!

दांडा मी गाडी घेतली त्या आठवड्यात काढला नव्हता. गाडी घेऊन तेव्हा सात महिने झाले होते. ग्रुपवाले सात महिने खाटेचं लोखंड म्हणून चिडवत होते आणि मी हूं की चूं केलं नव्हतं. तीन जानेवारीला काढला. ती पडली बारा जानेवारीला.

सात महिने ती मागे बसत होती. तिच्या गल्लीत दांडा धरायची. सिग्नल ओलांडला, डावीकडे वळलो, काकाचं दुकान दिसेनासं झालं की मग तिचा हात माझ्या खांद्यावर यायचा. त्या वळणाची मी दिवसभर वाट बघायचो. आणि मग मला त्या गल्लीचा राग यायला लागला, काकाचा, मावशीच्या खिडकीचा. आणि त्या दांड्याचा. लोखंडाच्या तुकड्याचा राग! मला वाटलं, तोच नसला तर ती काय करेल?

मग तिने काय केलं? दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली. नऊ दिवस. एकदा म्हणालीही, "ते मागचं कुठे गेलं?" मी म्हटलं, "चांगलं दिसत नव्हतं." आणि सिग्नलला मूठ जरा जास्तच पिळायला लागलो. म्हणजे झटका बसेल आणि ती आपोआप...

टेम्पोवाल्याने भोंगा वाजवला होता, हे खरं आहे. पण तो मी निघाल्यानंतर. मागून ती रस्त्यावर पडलेली बघून.

४ मार्च

मामाकडून दोन-तीन कोरी कार्डं मागून घेतली होती. तिसरं कार्ड लिहिलं तेव्हा अक्षर वाचता येण्याजोगं आलं. ते घेऊन चष्म्याच्या दुकानात गेलो. दारातच थांबलो.

ती म्हणाली, "तुला काय सांगितलं होतं?"

"सापडलं की ये म्हणालीस."

तिने डावा हात पुढे केला. कार्ड वाचलं. उभ्याउभ्याच वाचलं, तेवढ्यात एक आजोबा चष्मा सैल झाला म्हणून आले, त्यांना म्हणाली, "आजोबा, दोन मिनिटं हं," आणि पुन्हा वाचलं. मी काय लिहिलं होतं ते इथेही उतरवतो, म्हणजे मला नंतर फिरवता येणार नाही.

तारीख: ३ जानेवारी.
काय काढलं: मागचा धरायचा दांडा.
काय बसवलं: काही नाही.
कारण: तिने मला धरावं म्हणून.

तिच्या चेहऱ्यावर काहीतरी झालं. मला वाटलं रडेल. पण ती संतापली होती. मला वाटायचं, राग फक्त मला येतो.

"तोंडाने विचारता येत नव्हतं?" ती म्हणाली. "नुसतं विचारायचं. वळणाच्या आधी धरशील का? मी नाही म्हटलं असतं. झालं. एवढंच झालं असतं. तुला एक नाही ऐकावं लागलं असतं."

तिने कार्ड काउंटरवर ठेवून माझ्याकडे फिरवलं.

"खाली सही राहिलीय," ती म्हणाली आणि पेन सरकवलं.

मी सही केली. तिने शेजारच्या कोऱ्या रकान्यावर बोट ठेवलं. "आणि हे कुणाचं?"

"ज्याचं काम असतं त्याचं. पटलं तर करायची."

तिने पेन उचललं. डाव्या हातात धरलं, वाकडं, आजोबा बघत होते, मी बघत होतो. मग टोपण लावून ठेवून दिलं.

"उजव्या हाताने करता यायला लागली की बघेन," म्हणाली. कार्ड मात्र परत दिलं नाही. काउंटरच्या खणात ठेवलं, आणि आजोबांचा चष्मा घेऊन आतल्या टेबलाकडे गेली. त्या दुसऱ्या मुलीला म्हणाली, "स्क्रू तू बसव. पण हळू फिरव, मी सांगते."

९ मार्च

त्या टायवाल्याचा फोन आला. मी त्याला सूपवाला म्हणतो हे त्याला माहीत नाही. "सर, ठरली का गाडी? ती मोठी वाली अजून तुमच्यासाठी बाजूला ठेवलीय."

मी म्हटलं, "मोठी देऊन टाक कुणालाही. ती गोल दिव्याची, सपाट सीटवाली, तीच घेईन."

"ती? सर, ती तर तुम्ही पाच मिनिटांत परत दिली होती. ती खूप हळू आहे."

"माहीत आहे."

"मग या आठवड्यात न्यायला येताय?"

"नाही. थांबावं लागेल."

"किती दिवस, सर?"

"हाड जुळायला लागतात तितके."

तो म्हणाला, "काय?" मी फोन ठेवला. बस आली होती.